केदूनानांचं नाक

फोन आला तेव्हा मी दूध तापवायला ठेवत होते. पातेल्यावरचं झाकण उचललं, उलटं केलं, नाकाशी नेलं आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. पलीकडे दयाराम होता, आमच्या डेअरीच्या नामपूरकडच्या दुधाच्या ट्रकवरचा जुना ड्रायव्हर. "मॅडम, नाना गेले आपले... सायखेड्याला. पहाटे झोपेतच." मी कुठले नाना असं विचारलं नाही. आमच्या डेअरीत नाना एकच होते. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी झाकण हातात धरून उभी होते. मग दूध उतू गेलं. ओटा पुसता पुसता मला रडू आलं, आणि ते नुसतं दुःखाचं रडू नव्हतं, हे माझं मला ठाऊक होतं. याला आता दीड महिना होत आला. लिहू लिहू म्हणत रोज टाळत होते.

नव्वदच्या दशकात नाशिकच्या बाहेर, हमरस्त्याला लागून आमची एक मध्यम डेअरी होती. आता तिथे गाळे झालेत, टायरची दुकानं आहेत. तेव्हा सकाळी सहापासून ट्रक लागायचे. सायखेड्याकडचं दूध, येवल्याकडचं, सगळ्यात लांबचं नामपूरचं. धक्क्यावर अ‍ॅल्युमिनियमचे कॅन उतरायचे आणि प्रत्येक कॅनपाशी केदूनाना जायचे. ते ग्रेडर होते. दूध आत घ्यायचं की परत पाठवायचं, हे पहिल्यांदा ते ठरवायचे आणि तेही नुसत्या नाकाने. नवखा माणूस कॅन उघडून दुधात डोकावतो. नाना दुधाकडे बघायचेच नाहीत. झाकण उचलायचं, झटक्यात उलटं करायचं आणि आतली बाजू नाकाशी न्यायची. प्रवासभर दुधाचा जो काही वास असेल तो वर येऊन झाकणाखाली कोंडलेला असतो, आणि झाकण उघडल्यावर दोन श्वासांत उडून जातो. त्या दोन श्वासांत नाना सांगायचे, हा कॅन रात्रीचं दूध मिसळलेला, ह्याच्यात धुण्याची पावडर राहिलीय, ही म्हैस आजारी हाय. मग आम्ही प्रयोगशाळेत तासभर नळ्या फिरवून तेच सांगायचो.

त्या नाकाला त्यांनी देवासारखं जपलं होतं. तंबाखू नाही, विडी नाही, डोक्याला वासाचं तेल नाही. सकाळी ते घरातून बाहेर पडेपर्यंत नानी देवापुढे उदबत्तीसुद्धा लावायच्या नाहीत. आणि कामाच्या दिवशी कांदा नाही. सायखेड्याचा माणूस, घरच्या रानात कांदा, साठवणीच्या चाळीत कांदा, आणि हा गडी दुपारी सुट्टी होईपर्यंत कांद्याला शिवायचा नाही! लोकांना वाटायचं, यांनी माळ घातली असेल. ड्रायव्हर मंडळी तर तोंडावर म्हणायची, "नाना, तुम्ही नाकानंच कांदे सोलता, तुम्हाला खायची गरज काय?" नाना हसायचे. "सोलतो बाबा," म्हणायचे, "तुझा कॅन उघड आधी."

मी तिथे लागले ती कृषी विद्यापीठाची पदवी घेऊन. वय तेवीस. प्रयोगशाळेत पहिलीच बाई, आणि अजून नोकरीत कायम झालेली नव्हते. डोक्यात पुस्तकं भरलेली. दुधातलं फॅट, आम्लता, उकळल्यावर फाटतं का... हे सगळं मोजता येतं, मग नाकावर विसंबून राहायचं कशाला, असं माझं प्रामाणिक मत होतं. ते मी नानांना पहिल्याच आठवड्यात ऐकवलंही. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय मॅडम. पण आंबलेलं तुमची नळी सांगेल. आंबणार हाय ते कोण सांगेल?" मला तेव्हा ते बोलणं अडाणीपणाचं वाटलं होतं. आता वाटतं, आमच्या सगळ्या अभ्यासक्रमाचं सार त्यात होतं.

महिन्यातून एकदा आम्ही जीपने गावोगाव जायचो, दूध बिघडतं कुठे ते बघायला. येवल्याच्या बाजूला एका गोठ्यात धुतलेले कॅन सरळ ठेवलेले दिसले, तळाला पाणी साचलेलं. नानांनी सगळे कॅन पालथे घातले आणि मग त्या घरच्या बाईंना विचारलं, "माय, घरातली पातेली कशी ठेवता?" बाई म्हणाल्या, "पालथी." "मग ह्यानं काय पाप केलं?" बाई पदर तोंडाला लावून हसल्या, पण पुढच्या फेरीला कॅन पालथे होते. ओरडून कोणी सुधारत नाही, हे त्यांना कळलेलं होतं. धारेआधी कास धुवा, पुसून घ्या, पहिल्या चार धारा बाजूला काढा, दूध कडब्याशेजारी उघडं ठेवू नका, हे ते इतक्यांदा सांगत की जीपच्या ड्रायव्हरलाही पाठ झालं होतं. आणि आमच्या जिल्ह्यातली खास गोष्ट म्हणजे कांदा. जनावराला कांद्याची पात किंवा खराब कांदा खाऊ घातला की दोन-चार तासांत तो वास दुधात उतरतो. "द्यायचाच तर धार काढल्यावर द्या, अन् थोडा द्या. लय दिला तर गाय लाल मुतेल," असं नाना प्रत्येक गोठ्यात बजावत. येताना जीपमध्ये मला म्हणाले होते, "दुधातला वास एकवेळ चहात लपतो. लोण्यात नाय लपत. वास सगळा सायीत जाऊन बसतो मॅडम, आणि साय घुसळली की तो एकवटतो."

लोणी चाखायला त्यांनीच मला शिकवलं. लोणी पास करणं हे प्रयोगशाळेचं काम होतं. ओलावा मोजा, मीठ मोजा, सही करा. नाना एकदा सहज आत आले आणि म्हणाले, "चाखलं का?" मी जिभेला लावून दाखवलं. "असं नाय. टाळूला लावा अन् गप बसा. पूर्ण विरघळू द्या. लोणी गार असतं तवर खोटं बोलतं." मी डोळे मिटून बसले. खरंच, विरघळल्यावर मागून एक फिकट, जळकट चव आली. दूध तापवायच्या यंत्रात त्या दिवशी बिघाड होता. तेव्हापासून आमचं सूत जुळलं. मी त्यांच्यासाठी चहा सांगायला लागले आणि ते मला सकाळी धक्क्यावर उभं करून झाकणं हुंगायला लावायला लागले. वर्षभरात मला दहातले सहा कॅन ओळखता यायला लागले. नाना म्हणायचे, "मॅडमचं नाक तयार होतंय." तेवढ्या शाबासकीने मी हवेत असायची. आता जे सांगायचंय, ते त्या हवेमुळेच झालं.

त्या वर्षी उन्हाळ कांदा उदंड आला होता आणि बाजारात त्याला कोणी विचारत नव्हतं. गावोगाव बांधावर ढीग पडलेले. मोठे साहेब बैठकीसाठी पुण्याला गेले होते आणि प्रयोगशाळेतली मी एकटीच हजर, म्हणजे त्या दिवशी शेवटचा शब्द माझा होता. दयारामचा नामपूरचा ट्रक आला. नानांनी पहिलं झाकण उलटं केलं, दुसरं केलं, तिसरं केलं आणि हात वर केला. "कांदा हाय. सगळ्या गाडीला हाय."

दयाराम उसळला. "दूध ताजं शे नाना, वास कसाना?" ताज्या दुधाला वास कसला, असं त्याचं म्हणणं; तो चिडला की त्याच्या तोंडात गावची अहिराणी यायची. पहाटे निघून तो एवढ्या लांबून आला होता. परत पाठवलं तर दूध वाटेतच नासणार आणि गावात लोक त्यालाच बोलणार. डेअरीचा नियम असा होता की ग्रेडरला शंका आली तर प्रयोगशाळा ठरवेल. त्याने मला हाक मारली. मी नमुने घेतले. फॅट उत्तम, आम्लता जागच्या जागी, उकळलं तर फाटत नाही. मग मी धक्क्यावर गेले आणि सगळ्यांच्या देखत, नानांसारखंच, झाकण झटक्यात उलटं करून नाकाशी नेलं. दोन श्वास घेतले. काही नाही. दुसरं, तिसरं... काही नाही. मी म्हणाले, "नाना, मला तर वास येत नाही."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू, घरी आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मॅडम, नाश्ता झाला का?"

दयारामला त्यात काही वाटलं नाही. मला मात्र क्षणभर काहीतरी टोचलं. त्या दिवशी सकाळी कॅन्टीनमध्ये मी कांदेपोहे खाल्ले होते, वरून मूठभर कच्चा कांदा घालून घेतलेला. त्यांना तो वास माझ्या बोलण्याबरोबर आला असणार. चार माणसांत "तुम्ही कांदा खाऊन आलात, तुमचं नाक आज चालायचं नाही" असं ते एका शिकलेल्या पोरीला म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त नाश्ता विचारला, मी समजून घेऊन मागे सरावं म्हणून. आणि खरं लिहायचं तर मला कळलं होतं. पुरतं नाही, पण कळायला हवं तेवढं कळलं होतं. पण धक्क्यावर सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "झाला. दूध घ्या आत." नानांनी नोंदवहीतला आपला रकाना कोराच ठेवला. तो भरल्याशिवाय कॅन रिकामे करता येत नव्हते. मी म्हणाले, "लिहा ना नाना, प्रयोगशाळेने पास केलंय." त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि "योग्य" असं लिहिलं. खाली सही केली. अक्षर त्यांचं नेहमी गोल यायचं, त्या दिवशीही तसंच गोल आलं.

नामपूरचं दूध सगळ्या दुधात मिसळलं, त्याची साय सगळ्या सायीत मिसळली आणि दुसऱ्या दिवशी त्याचं लोणी निघालं. मी ओलावा मोजला, मीठ मोजलं. चाखलंही, पण घाईत, जिभेला लावल्यासारखं करून. गार लोणी गप्प बसलं. आठवड्याभरात माल परत यायला लागला. एका बेकरीवाल्याने खोका उघडून साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "केक करू का भजी करू, तुम्हीच सांगा." त्या खोलीत कांद्याचा वास असा भरला की पंखा लावावा लागला. तो वास त्या दिवशी मला स्वच्छ आला.

साहेबांनी नोंदवही मागवली. नानांच्या रकान्यात "योग्य" होतं. नाना आले, दयाराम आला, मी होतेच. साहेबांनी विचारलं, "नाना, एवढा वास, आणि तुम्हाला आला नाही?" मी तोंड उघडलं होतं... निदान मला तसं आठवतं. पण नाना आधी बोलले. "सर्दी झाली होती साहेब. नाक बंद होतं. चूक माझी हाय." एवढंच. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. दयाराम चपलेकडे बघत होता. तो का गप्प बसला ते त्याचं त्याला ठाऊक, मी का गप्प बसले ते मला. माझी नोकरी पुढच्याच महिन्यात कायम व्हायची होती. बाहेर आल्यावर मी व्हरांड्यात त्यांना गाठलं, म्हटलं, "नाना, हे तुम्ही काय केलंत?" ते म्हणाले, "तुमची नोकरी नवी हाय मॅडम. माझं नाक जुनं झालंय. जुन्या नाकाला कोण काय करतंय?" आणि चालायला लागले.

पण केलं. त्यांना धक्क्यावरून काढून कॅन धुण्याच्या विभागात टाकलं. ज्या माणसाने वीस वर्षं दुधाची पारख केली, तो निवृत्त होईपर्यंत गुडघ्याएवढे बूट घालून वाफेत उभा राहिला. मला वाटलं होतं, ते खचतील. खचले की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. एवढं खरं, की त्यांच्या हातून धुतलेले कॅन गावाला जायला लागल्यापासून सकाळचं दूध नासायचं प्रमाण कमी झालं, आणि त्याचं कौतुक प्रयोगशाळेच्या अहवालात माझ्या सहीने गेलं. रोज आमची गाठ पडायची. "काय मॅडम, कसं हाय दूध?" "चांगलं आहे नाना." त्या दिवसाबद्दल ते पुन्हा एक अवाक्षर बोलले नाहीत. त्यांनी एकदा तरी टोमणा मारायला हवा होता, असं मला वाटायचं. टोमण्याला उत्तर देता आलं असतं.

निवृत्तीच्या समारंभात सांगायचं, असं मी ठरवून गेले होते. कागदावर लिहून नेलं होतं. शाल, नारळ, फोटो झाले. माझ्याआधी बोलणारे एक गृहस्थ रंगात आले आणि म्हणाले, "नानांच्या नाकाने अख्ख्या आयुष्यात एकदाच दगा दिला, तोही सर्दीमुळे!" सभागृह हसलं. नाना हसले. आणि मीही हसले. हे मी स्वतःला माफ करू शकलेले नाही. बाकीचं एकवेळ घाबरट पोरीचं होतं म्हणून सोडून देता येईल, हे हसणं मात्र चाळिशीकडे निघालेल्या, पोस्टवर पक्क्या बसलेल्या बाईचं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल बोलले. तो कागद घरी येऊन फाडला.

दयारामचा फोन आल्यावर आठवड्याने मी सायखेड्याला गेले. घर नदीपासून जवळ, पुढे पत्र्याची पडवी, मागे चार गाई. मुलगा आता दूध केंद्रावर घालतो. तो म्हणाला, "बाबा शेवटपर्यंत रोज कॅनचं झाकण हुंगायचे मॅडम. मी म्हणायचो, बाबा, आता मशीन हाय केंद्रावर. तर म्हणायचे, असू दे, माझं नाक एकदा चुकलंय, तवापासून दोनदा बघतो." मी चहाचा कप खाली ठेवला. नानी भिंतीला टेकून बसल्या होत्या. नानांनी निवृत्तीनंतरही कांदा दुपारपर्यंत खाल्ला नाही, असं त्या सांगत होत्या. मग थांबल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सर्दी म्हणायचे ते... मी तर घरातच होते. त्या महिन्यात त्यांना सर्दी झाल्याचं मला काय आठवत नाय. पण ते म्हणले झाली होती, म्हणजे झाली असंल." बाहेर गाई कडबा ओढत होत्या. मला कळलं, हे धक्क्यावरचंच चाललंय. नवऱ्याने जसा नाश्ता विचारला होता, तशी बायको सर्दीबद्दल बोलत होती. दार उघडं करून ठेवत होती, मी आपल्या पायाने आत यावं म्हणून. मी म्हणाले, "नानी, येते मी. बस चुकेल." बस तासाने होती.

म्हणून हे लिहिते आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आलं की अंक घेऊन मी स्वतः सायखेड्याला जाणार आहे. नानींना वाचता येत नाही. मुलाला वाचायला सांगणार नाही, मीच त्यांच्यासमोर बसून वाचणार आहे. त्या काय म्हणतील, मला ठाऊक नाही. कदाचित काही म्हणणार नाहीत, चहा टाकतील. ज्या मुलाने बापाचं नाक एकदा चुकलं असं मानत आयुष्य काढलं, तो काय म्हणेल तेही ठाऊक नाही. त्याला रागवायचा हक्क आहे.

आज सकाळीही पातेल्याचं झाकण उचललं, उलटं केलं, नाकाशी नेलं. पिशवीतलं दूध, थेट फ्रिजमधून काढलेलं, त्याला कसला वास असणार? पण हात ऐकत नाही. दोन श्वास घेतले. मग नेहमीसारखा तो प्रश्न आला, तसाच हळू, अदबीने विचारलेला. इतक्या वर्षांत मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. नाना, हो, झाला होता नाश्ता. पोहे होते, वर मूठभर कच्चा कांदा होता. दूध मी घ्यायला लावलं, "योग्य" मी लिहायला लावलं. तुम्हाला सर्दी नव्हती. सगळ्या गाडीला कांदा होता.